प्रार्थनेला उभी राहणारी मावशी

आमच्या चर्चमध्ये पाळक "आपण प्रार्थना करू या" म्हणाले की सगळे बसल्या जागी माना खाली घालतात आणि माझी मावशी उभी राहते. गीत सुरू झालं की सगळे उभे राहतात आणि मावशी खाली बसते. हे तीसेक वर्षं चाललंय. नवीन माणसाला वाटतं, बाईंचं कुणाशी तरी बिनसलंय, नाहीतर कानानं अधू असतील. एकदा एका पाहुण्या पाळकांनी प्रार्थना मधेच थांबवून तिला विचारलं, "बाई, काही हवंय का?" मावशी डोळे न उघडता म्हणाली, "देवाशी बोलतेय. तुमचं चालू द्या."

यात हट्ट नाही असं मी म्हणणार नाही. हट्ट आमच्या घराण्यात पाळण्यातच मिळतो. पण ही तिची रीतही आहे. ती ज्या चर्चमध्ये वाढली तिथे प्रार्थना उभ्यानं करतात, कारण राजासमोर कुणी बसून बोलत नाही. आणि गातात बसून, कारण बसल्यावर दम टिकतो. दुसरं कारण मावशीचं स्वतःचं असावं असा मला संशय आहे.

आमच्या भागात चर्च दोन. एक दगडी, एक विटांचं. दोहोंच्या मधे एक रस्ता, एक बेकरी आणि ऐंशी वर्षांचा दुरावा. तसं बघायला गेलं तर दोन्ही एकाच आजोबांची नातवंडं. धर्मसुधारणेतून निघालेली तीच वाट, डोक्यावर बिशप नाही, मंडळीनं निवडलेले पंच कारभार बघतात, लहानपणी पाठ करायची प्रश्नोत्तरंसुद्धा अक्षरशः तीच. फरक एवढाच की दगडीवाले फक्त बायबलमधली स्तोत्रं गातात, तीही वाद्याशिवाय. आणि आम्ही विटांचे, आम्ही ऑर्गन लावून गीतं गातो. दुसरा फरक प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीनं भाकर वाटून घेण्याच्या विधीचा. दगडीत त्या दिवशी एक लांबलचक टेबल मांडतात आणि सगळे त्याच्याभोवती बसून भाकर मोडतात. आधीच्या शुक्रवारी पंच घरोघर जाऊन प्रत्येकाच्या हातावर शिशाचा एक छोटा बिल्ला ठेवतात. बिल्ला असेल तर टेबलापाशी जागा, नसेल तर नाही. आमच्याकडे बिल्ला नाही, टेबल नाही; भाकरीचं ताट बाकांवरून हातोहात फिरतं.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. येऊ दे. सख्ख्या भावंडांची भांडणं बाहेरच्याला नेहमी क्षुल्लकच वाटतात.

मावशी खुर्च्या आणि सोफे शिवते. एका खोलीचं दुकान, आत सरसाचा आणि काथ्याचा वास, भिंतीला हाडं निघालेल्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या. काम करताना ती बारीक खिळे तोंडात धरते, एकेक जिभेनं पुढे आणते आणि चुंबकाच्या हातोडीनं टिपून ठोकते. त्यामुळे कामात असली की ती कमी बोलते आणि नेमकं बोलते. तिनं खिळे तोंडातून काढून बशीत ठेवले, की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

दोन्ही चर्चच्या बाकांच्या गाद्या तीच शिवते. दगडीवाल्यांच्या गाद्या मधोमध खचतात, बसून लांबलचक स्तोत्रं गातात म्हणून. आमच्या पुढच्या कडेला फाटतात, सारखी उठबस चालते म्हणून. "काथ्या मात्र दोन्हीकडे एकाच पोत्यातला घालते," ती म्हणते, "अजून कुणाला टोचला नाही."

ती दगडीतून आमच्याकडे आली ती लग्नानं. काका पाट्या रंगवायचे, आणि आमच्या गायकवृंदात सगळ्यात खालचा सूर त्यांचा. त्यांच्यामुळे मावशी तिसऱ्या बाकावर येऊन बसली आणि तिथलीच झाली. नऊ वर्षांपूर्वी काका गेले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता दगडीत परत जाणार. दफनानंतरच्या रविवारी मावशी तिसऱ्या बाकावर हजर. प्रार्थनेला उभी. मला म्हणाली, "माणूस गेला. चर्च थोडंच गेलं?"

आता मूळ गोष्टीकडे येते.

मी ग्रंथालयात काम करते. अक्षर बरं, म्हणून चर्चचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. गेल्या वर्षी पंचांची एक जागा रिकामी झाली आणि मंडळीच्या बैठकीत तीन बाजूंनी एकदमच मावशीचं नाव आलं. येणारच. कुणाच्या घरात आजारी माणूस आहे, कुणाच्या खुर्चीचा पाय मोडलाय आणि कुणाच्या संसाराचा, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. शिवाय दगडी चर्चचं छप्पर त्या वर्षी धोक्याचं ठरलं होतं. वासे पोखरले होते. चर्चला कुलूप लागलं, आणि उरलेली नऊ घरं त्यांच्या चिटणिसांच्या दिवाणखान्यात उपासना करू लागली. आमच्या पाळकांनी त्यांना आमचा हॉल देऊ केला होता, पण पत्राला उत्तर नव्हतं. दोन्हीकडे चालणारं माणूस पंचांमध्ये असावं, असं सगळ्यांना वाटत होतं. मी उत्साहानं मावशीचं नाव साप्ताहिक पत्रकात छापून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी मतदान, त्याच रविवारी प्रभुभोजन.

मग नियमाप्रमाणे नावापुढे सभासद क्रमांक लिहायचा म्हणून रजिस्टर उघडलं. क्रमांक नाही. नावच नाही. मागची एकतीस वर्षं पुन्हा चाळली, तरी नाही. कुटुंबांच्या रजिस्टरात काकांच्या नावापुढे "व सौ." एवढं होतं, आधीच्या चिटणिसांनी त्यावरच भागवलेलं. ती इतकी आमची होती की आमची आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं. दगडीच्या यादीतून नाव गेलेलं, आमच्या यादीत आलेलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. आणि मी अशा बाईचं नाव पंच म्हणून छापून बसले होते!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दुकानात गेले. मावशी एका आरामखुर्चीचे पट्टे ताणत होती.

"मावशी, तू कुठलीच सभासद नाहीस," मी म्हटलं.

"माहीत आहे." खिळ्यांमधूनच बोलली.

"माहीत आहे? मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

तिनं खिळे बशीत ठेवले. दोऱ्याच्या रिळांखालून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत दगडी चर्चचा कागद. "सदर बाईंचं नाव त्यांच्या विनंतीवरून आमच्या यादीतून कमी केलं आहे." बस्स. खाली चिटणिसाची सही. चिटणीस म्हणजे माझे मोठे मामा, मावशीचे सख्खे थोरले भाऊ.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या दोन्ही चर्चमध्ये माणूस एका मंडळीतून दुसरीकडे गेला, की बरोबर शिफारसपत्र जातं. त्यासाठी निळ्या छापील कागदांचं पुस्तक असतं. त्यात लिहिलेलं असतं की ही व्यक्ती विश्वासात आणि वागणुकीत चांगली आहे, आम्ही तिला तुमच्या प्रेमात सोपवतो. कागदाच्या खालच्या भागात पोहोच असते. नव्या चर्चनं ती फाडून, भरून परत पाठवायची. मावशीला मिळालं ते हे पत्रच नव्हतं. मामांनी तिला कुणाकडे सोपवलं नव्हतं, नुसतं सोडून दिलं होतं. कारण शिफारसपत्र चर्चकडून चर्चला जातं, आणि मामांच्या हिशेबी आम्ही चर्च नव्हतो. आम्ही "पलीकडचे" होतो.

"हे कुणापुढे ठेवायचं?" मावशी म्हणाली. "नवीन घरी आले, आणि माहेरचा निरोप काय, तर 'आमचा संबंध संपला'. तुझ्या काकांनाही हा कागद मी पहिली दोन वर्षं दाखवला नाही."

आमचे पाळक तरुण आहेत, कामाला तत्पर. मी सांगताच स्वतः दुकानात आले आणि एका स्टुलावर बसले, ज्याची स्प्रिंग अजून बसवायची होती. जरा सावरून म्हणाले, "एवढंच ना? सोपं आहे. येत्या रविवारी मंडळीपुढे उभं राहून विश्वासाची कबुली द्या. पाच मिनिटांचं काम. मी लगेच नाव घालतो."

माझी आई, मामा आणि मावशीच्या मधली बहीण, दगडीतून आली तेव्हा हेच करून मोकळी झाली होती. ती एक घाव दोन तुकडे करणारी. मावशीनं मात्र हातोडी खाली ठेवली.

"पाळकसाहेब, कबुली मी सतराव्या वर्षी दिलीय. मनापासून दिली होती. आता परत दिली तर पहिली खोटी होती, असं होईल."

"तसं नाही हो कुणी म्हणणार."

"मी म्हणेन ना. मी तुमच्याकडे रिकाम्या हातानं आले नाही. माझा विश्वास मी तिथून घेऊन आले. दगडीवाल्यांनी तसं लिहून द्यावं आणि तुम्ही ते तसं घ्यावं. एवढंच मागणं आहे."

"आणि त्यांनी नाही दिलं तर?"

"तर पंच दुसरा बघा. आणि त्या स्टुलावरून उठा, पँट फाटेल."

पाळक बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अवघड आहे." मी म्हटलं, "अवघड काही नाही. फक्त आता दोघं बहीणभाऊ समोरासमोर येणार, आणि शेरास सव्वाशेर आहेत. शेर कोण, एवढंच बघायचं."

मोठे मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मावशीपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. जमीनमोजणी खात्यात आयुष्य गेलं. लोकांच्या हद्दी आखून देणं हे काम, आणि ते त्यांनी निवृत्तीनंतरही चालू ठेवलं असं मावशी म्हणते. गैरसमज नको, भावाबहिणीचं बोलणं कधी तुटलं नव्हतं. येणंजाणं होतं, चहापाणी होतं, दुखण्याखुपण्याला धावून जाणं होतं. फक्त चर्च हा विषय निघाला की दोघं हवामानावर बोलायला लागायची. एकतीस वर्षांत आमच्या घरात हवामानाचा फार मोठा अभ्यास झाला.

शनिवारी दुपारी मी मावशीबरोबर मामांकडे गेले. दिवाणखान्यात माणसाला वावरायला जागा नव्हती. तेवीस खुर्च्या, एकीचं तोंड दुसरीला मिळत नाही. वेताच्या, लोखंडी, घडीच्या, दोन तर शाळेतल्या. पलीकडे दोन जेवणाची टेबलं एकाला एक जोडून वर पांढरी चादर. सुंभ जळला तरी पीळ काय जाईल! छप्पर गेलं, पण लांब टेबल हवंच.

"ये धाकटे," मामा म्हणाले. "आज उकाडा फार आहे."

"आहे. दादा, मला पत्र हवंय."

मामांचा चेहरा बदलला. "पत्र दिलं होतं."

"ती नोटीस होती. मला निळं पत्र हवंय, खाली पोहोच असलेलं."

"ते आपल्या मताच्या चर्चसाठी असतं."

"मग त्यांचं मत काय वेगळं आहे ते सांग. तारण कशानं होतं म्हणतात ते? मुलांना कुठली प्रश्नोत्तरं शिकवतात? ही पोरगी तिथंच शिकलीय, विचार तिला."

मला कुणी काही विचारलं नाही, हे देवाचे उपकार. मामा म्हणाले, "ते ऑर्गन वाजवतात."

"वाजवतात, मान्य. वाईट वाजवतात, तेही मान्य. एवढ्यानं ती माणसं देवाची नाहीशी झाली?"

"ऑर्गनचं सोड," मामांचा आवाज चढला. "त्यांनी बिल्ले बंद केले. प्रभूच्या टेबलाला राखण नाही तिथे. ताट फिरतंय, कुणीही उचलतंय. आणि तू, माझी बहीण, पत्र नाही, बिल्ला नाही, एकतीस वर्षं त्या ताटातून घेत राहिलीस. ते मला लागलं. अजून लागतं. म्हणून दिलं नाही पत्र, झालं समाधान?"

मावशी एका घडीच्या खुर्चीवर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मी घेतलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"मी एकदाही घेतलेलं नाही. ताट आलं की पुढे सरकवते."

मी जन्मापासून त्या चर्चमध्ये आहे, वीस वर्षं तिच्याच मागच्या बाकावर बसतेय. पण आमच्याकडे त्या वेळी सगळे डोळे मिटून बसतात. आपल्या हातात ताट येईपर्यंत कुणी डोळे उघडत नाही, शेजारच्याकडे बघत नाही. वर्षातून चार वेळा असं एकतीस वर्षं ती ताट हातात घेत होती आणि पुढे देत होती, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

"नवऱ्याला माहीत होतं?" मामांनी विचारलं.

"शेजारीच तर बसायचे. दर वेळी एकदा माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची. मग ते घ्यायचे. शेवटच्या वर्षी चाकाच्या खुर्चीवरून न्यावं लागायचं त्यांना. तेव्हासुद्धा बघितलं. तेव्हा मात्र वाटलं, घ्यावं. त्यांच्याबरोबर एकदा तरी घ्यावं. नाही घेतलं."

"का पण?"

"का म्हणून मलाच विचारतोस? सतरा वर्षांची होते. पहिला बिल्ला माझ्या हातावर कुणी ठेवला? तू. काय म्हणाला होतास? कुणीतरी तुझी हमी घेतल्याशिवाय टेबलापाशी जायचं नाही. मी नाही गेले. राखण नाही म्हणतोस ना तिथे? मी राखलं. त्यांच्या बाकावर बसून तुझा नियम एकटीनं राखला. आता तू सांग, दादा. ती माणसं ख्रिस्ताची आहेत की नाहीत? नसतील तर तसं लिहून दे, मी उद्यापासून घरी बसते. असतील तर माझं पत्र दे."

मामा उभे राहिले, पुन्हा बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, तो काही पुसला गेला नाही, कारण पाणी चष्म्यावर नव्हतं. मग कपाट उघडून त्यांनी ते निळं पुस्तक काढलं. वरच्या धुळीवरून कळत होतं की गेल्या कित्येक वर्षांत दगडीतून कुणाला सोपवलं गेलं नव्हतं. लोक सोडून गेले होते किंवा देवाघरी, आणि दोन्हीला निळा कागद लागत नाही.

"मला एकट्याला देता येत नाही," मामा म्हणाले. "पंचांच्या सह्या लागतात."

"मग बोलाव पंचांना. मी बसलेय."

दगडीचे पंच उरले होते तीन, एक मामा. दुसरे दूधवाले, ते समोरच राहतात. तिसरे खालच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर, नव्वदीचे, ठार बहिरे. अर्ध्या तासात दोघं येऊन तेवीसांपैकी दोन खुर्च्यांवर बसले. मामांनी मुद्दा मांडला, बाजू मांडली, विरुद्ध बाजूही मांडली, आणि स्पष्ट सांगितलं की बहिणीनं एकतीस वर्षं ताट पुढे दिलंय. दूधवाले मान खाली घालून ऐकत होते. कंपाउंडरकाका नुसते सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. शेवटी मामांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "धाकटीला पलीकडच्या चर्चसाठी पत्र द्यायचंय! निळं पत्र!"

कंपाउंडरकाका चकित झाले. "अजून दिलं नव्हतं?" म्हणाले. "मला वाटलं, लग्नातच दिलं असेल."

यावर चर्चा संपली. दूधवाल्यांनी सही केली. कंपाउंडरकाकांनी औषधाच्या चिठ्ठीवर करायचे तशी गिचमिड सही केली. मामांनी पेन घेतलं आणि मोजणीच्या नकाशावरच्या त्यांच्या त्या टोकदार अक्षरात पत्र भरलं. "कोणत्या चर्चकडे" असं छापलं होतं तिथे त्यांचा हात थांबला. मग त्यांनी आमच्या चर्चचं पूर्ण नाव लिहिलं. एवढ्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. पण एक अक्षर चुकलं नाही.

मी हात पुढे केला. मामांनी पत्र दिलं नाही. "हे असं हातोहात द्यायचं नसतं," ते म्हणाले. "मी स्वतः आणून देईन. मंडळीपुढे."

मतदानाच्या रविवारी मामा आमच्या चर्चमध्ये आले. काकांच्या दफनाच्या दिवशी ते पायरीपर्यंत आले होते आणि बाहेर उन्हात उभे राहिले होते. या वेळी आत आले. पांढरा इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. ताठ चालत जाऊन तिसऱ्या बाकावर मावशीशेजारी बसले. मामांना इतकं जवळून बघायचं म्हणून मीही माझा मागचा बाक सोडून त्यांच्या पलीकडे जाऊन बसले.

ऑर्गन सुरू झाला. सगळं चर्च उभं राहिलं, आणि आमच्या बाकावर दोघं बसलेली. पाळक म्हणाले, "आपण प्रार्थना करू या," सगळे बसले, आणि आमच्या बाकावर दोघं उभी. मला हसू आवरेना. इतकी वर्षं एकटी उभी राहणारी मावशी, आणि आज तिच्या शेजारी तसाच ताठ कणा, तशीच वर केलेली हनुवटी. पाळकांची प्रार्थनाही त्या दिवशी नेहमीपेक्षा बरी झाली.

मग मामांना बोलावलं. त्यांनी पुढे जाऊन पत्र वाचलं. छापील मजकूर, दोन वाक्यांचा. "विश्वासात आणि वागणुकीत चांगली" इथे त्यांनी कागदावरून नजर उचलून तिसऱ्या बाकाकडे बघितलं आणि ते वाक्य पूर्ण केलं. पाळकांनी मंडळीला विचारलं, आपण हिला स्वीकारता का, आणि एवढे हात वर झाले की मागे कुणाची तरी छत्री पडली. मी तिथल्या तिथे रजिस्टर उघडून क्रमांक घातला. निवडणुकीचंही सांगून टाकते: मावशी पंच झाली. एक मत कमी पडलं, ते तिचं स्वतःचं. स्वतःला मत देणं तिला शोभेना.

त्यानंतर प्रभुभोजन. त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत. देव क्षमा करील.

ताट मावशीकडे आलं. दाभणानं घट्टे पडलेली तिची बोटं भाकरीच्या तुकड्यावर आली, आणि तिनं तो उचलला. लगेच खाल्ला नाही. डावीकडे, जिथे काका बसायचे, तिकडे एकदा बघितलं. मग खाल्ला. मावशीला मी काकांच्या दफनातही रडताना पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी ती उघड रडली, पदर लावला नाही की तोंड फिरवलं नाही. मीही रडले.

मग तिनं ताट मामांच्या हातात दिलं.

मामांनी ते दोन्ही हातांनी धरलं. भाकरीकडे बघितलं. त्यांच्या नियमानं त्यांना घेता येत नव्हतं. दुसऱ्या मंडळीत पाहुणा म्हणून आलेल्यानं आधी आपल्या पंचांचं पाहुणेपत्र द्यायचं असतं, आणि बहिणीच्या पत्राच्या गडबडीत त्यांना आपलं सुचलंच नव्हतं. आमच्याकडे कुणी विचारलं नसतं. कुणी बघतही नव्हतं, मी सोडून. पण ते मोठे मामा होते. ताट हातात किती वेळ होतं कोण जाणे, मला फार वेळ वाटला. मग त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

उपासना संपल्यावर आम्ही तिघं बेकरीसमोर थांबलो. मी पत्राची पोहोच फाडून, भरून, शिक्का मारून आणली होती. मामांनी ती दोनदा वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या पाळकांना सांग, हॉल चालेल आम्हाला. मात्र आमच्या वेळेला ऑर्गन नको."

"आणि प्रभुभोजन?" मी विचारलं.

मामा उत्तर द्यायच्या आत मावशी म्हणाली, "दादा, ताट जड लागतं ना, पुढे सरकवताना?"

मामांनी खिशातली पोहोच चाचपली.

"लागतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाहुणेपत्रं तुमच्याकडे किती दिवस आधी द्यावी लागतात? नऊ घरांची आहेत."

"आदल्या रविवारपर्यंत दिली तरी चालतात, मामा. पुढचं प्रभुभोजन तीन महिन्यांनी आहे."

"मी उद्याच आणून देतो," मामा म्हणाले. "आमच्या घरात आधीच फार उशीर झालाय."